पदरात घेतलेले लेकरू

२०२३ साली रमजानचा पहिला रोजा २४ मार्चला झाला आणि ३० मार्चला रामनवमी आली. त्या आठवड्यात मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून वाहत होता. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. जगदंबा देवीचे देऊळ आणि संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातल्या तांड्यांवरून लोक इथे येतात. आरशांची कांचळी घातलेल्या म्हाताऱ्या आया, त्यांच्या मागे नव्या सुना, कडेवर लेकरे. काहींच्या कडेवर मात्र काहीच नसते. ती सून देवीपुढे जरा जास्त वेळ उभी राहते.

याच वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे. तिकडे मन्नत म्हणतात, इकडे नवस म्हणतात. मागणे एकच असते. वऱ्हाडातली पुष्कळ घरे दोन्हीकडे जाऊन येतात. मूल नसलेल्या माणसाला कोणाचा उंबरा कोणाचा, हे विचारायला सवड नसते.

दवाखाने झाले, पैसे संपले, मन्नत झाली, वय पुढे सरकले, की मग एखाद्या संध्याकाळी इफ्तारनंतर, खजुराच्या बिया ताटलीत पडलेल्या असताना, एखादा माणूस बाजूला सरकून हळूच विचारतो, ''भाईजान, मूल दत्तक घेतले तर आपल्यात चालते का?'' हा प्रश्न मी अनेक रमजानांत ऐकला आहे. विचारणारा नेहमी नवराच असतो. बायकोने त्याला पाठवलेले असते. आणि त्याला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचे असते: ''नाही.''

हे उत्तर अर्धे आहे. अर्ध्या उत्तरावर कितीतरी घरे रिकामी राहिली आणि कितीतरी लेकरे संस्थेच्या भिंतीआड मोठी झाली, म्हणून आज हा विषय घेतला.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधीच वडील गेले, सहाव्या वर्षी आई बीबी आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले, मग काका अबू तालिब यांनी वाढवले. यतीमाला सांभाळणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल, हे त्यांनी दोन बोटे शेजारी धरून दाखवले, ही हदीस मशिदीत दर वर्षी सांगितली जाते. त्यांच्या घरातच जैद बिन हारिसा नावाचा मुलगा होता. लहानपणी पळवून उकाजच्या बाजारात विकला गेलेला. हजरत खदीजा यांनी तो आपल्या पतीकडे दिला. पुढे जैदचे वडील आणि चुलते शोध घेत मक्केला आले, तेव्हा मुलालाच विचारण्यात आले, ''कोणाकडे राहणार?'' तो प्रेषितांजवळ राहिला. लोक त्याला जैद बिन मुहम्मद म्हणू लागले.

नंतर सूरह अहजाबमध्ये आदेश आला, की मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा. बाप माहीत नसेल, तर ते तुमचे दीनी भाऊ आहेत. जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. आपल्याकडे गोष्ट इथेच थांबवतात. नाव बदलले म्हणून त्या घरातली माया आटली का? मूतामध्ये लष्कराचे नेतृत्व त्यांच्याकडेच दिले गेले आणि तिथेच ते शहीद झाले. त्यांचा मुलगा उसामा प्रेषितांच्या लाडक्याचा लाडका म्हणून ओळखला गेला. म्हणजे मनाई आहे ती मुलाचा जन्म लपवून खोटी वंशावळ तयार करण्याला. मूल घरात आणून वाढवायला मनाई नाही, उलट फार मोठे पुण्य आहे.

पोहरादेवीच्या वाटेवर हे सांगताना एक गोष्ट आठवते. सेवालाल महाराजांना तांड्यातली माणसे 'सेवाभाया' म्हणतात. भाया म्हणजे भाऊ. रक्ताचे नाते नसताना लाखो लोकांनी लावलेले हे नाते आहे. कुरआनातला तो 'दीनी भाऊ' समजायला इथल्या माणसाला अवघड जाऊ नये.

आता आपल्या मराठी मुलखातले एक जोडपे पाहू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले. सासऱ्यांच्या घरातून बाहेर पडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी या दोघांना थारा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांना मूलबाळ नव्हते, आणि दुसरे लग्न कर म्हणून घरातून तगादा होता, हे कमी सांगतो. जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे असेल तर न्यावे, नसेल तर ठेवून जावे. बाळंतपणे सावित्रीबाई करत. १८७४ मध्ये काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे बाळंत झाली आणि तो मुलगा या दोघांनी पदरात घेतला. तोच यशवंत.

यशवंतचा जन्म त्यांनी लपवला नाही. त्याची किंमत तिघांनीही मोजली. विधवेच्या पोटचा म्हणून त्याला मुलगी कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी ज्ञानोबा ससाणे या कार्यकर्त्याने आपली मुलगी राधा दिली आणि १८८९ मध्ये लग्न झाले. त्याआधी १८८७ मध्ये जोतीरावांनी रीतसर मृत्युपत्र करून नोंदवले होते आणि आपल्या मागे काय कोणाला हे त्यात लिहून ठेवले होते. भाऊबंद काय करतील याचा त्यांना अंदाज होता. तो खरा ठरला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, आणि टिटवे धरायचा हक्क दत्तक मुलाला नाही म्हणून पुतण्याकडून वाद निघाला. सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हातात घेतले आणि अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या.

पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली आणि त्यातच सावित्रीबाईंना प्लेग झाला. त्या १० मार्चला गेल्या.

ही हकिगत रमजानच्या पानावर का, असे कोणी विचारील. कारण आजच्या मुस्लीम जोडप्यापुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात आहेत: नाव, वारसा, भाऊबंद, मुलाचे लग्न. आणि त्यातून वाट कशी काढली, हेही आहे.

कायद्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी. मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी यांच्यासाठी बराच काळ १८९० चा पालक कायदाच होता. त्यात तुम्ही मुलाचे आईबाप होत नाही, पालक होता, आणि मूल अठराचे झाले की तेही संपते. मुंबई उच्च न्यायालयात एका ख्रिस्ती जोडप्याचा अर्ज आला, तेव्हा न्या. एफ. आय. रिबेलो यांनी टाकून दिलेल्या मुलाला कुटुंब मिळणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मग दिल्लीच्या सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी पुढे आल्या. त्या आणि त्यांचे पती, शास्त्रज्ञ गौहर रझा, यांनी एक मुलगी वाढवायला आणली होती, पण कायद्याच्या लेखी ते तिचे फक्त पालक होते. २००५ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी निकाल लागला: बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. ज्याला आपल्या धर्मनियमाप्रमाणे चालायचे आहे त्याच्यावर सक्ती नाही, ज्याला घ्यायचे आहे त्याला अडकाठी नाही. दत्तक घेणे हा मूलभूत हक्क आहे, असे म्हणायला मात्र न्यायालयाने नकार दिला.

त्या खटल्यात पर्सनल लॉ बोर्डाने 'कफाला'ची बाजू मांडली होती. मुलाचा सगळा सांभाळ करायचा, पण त्याचा वंश कायम ठेवायचा, ही ती पद्धत. तत्त्व म्हणून त्यात वाईट काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कफाला एवढा चांगला, तर आपल्या मोहल्ल्यांत तो दिसतो कुठे? अनाथाश्रमाच्या पेटीत सदका टाकणारे हात पुष्कळ आहेत. मूल घरात आणणारे किती?

आता ज्यांना आणायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे कामाचे. पहिली गाठ नावाची. कायद्याने दत्तक मूल सर्व अर्थांनी तुमचे होते आणि कागदावर आईबाप म्हणून तुमची नावे लागतात. शरियतला हवे आहे ते मुलाला खरे सांगणे. ते तर बालतज्ज्ञही सांगतात. मूल समजू लागल्यापासून गोष्टीसारखे सांगत जावे. लग्नाच्या वेळी तिसऱ्याच्या तोंडून कळले, तर घर फुटते.

दुसरी गाठ वारशाची. जोतीरावांचे मृत्युपत्र इथे आठवावे. शरियतनुसार दत्तक मूल आपोआप वारस नाही, पण वारस नसलेल्याच्या नावे मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते, आणि हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करून ताबा देता येतो. हे काम 'बघू पुढे' म्हणून ठेवू नये. भाऊबंद थांबत नाहीत.

तिसरी गाठ पडद्याची, आणि ती सोडवायला सगळे घर लागते. मुलगा मोठा झाला की तो आईला परका, मुलगी मोठी झाली की ती बापाला परकी, असा पेच घातला जातो. त्यावर जुना उपाय दुधाचा आहे. हलीमा सादिया या प्रेषितांच्या दूधआई. बाळ दोन वर्षांच्या आत असेल आणि मुलग्याला आईच्या बहिणीने दूध पाजले, तर आई त्याची दूधमावशी होते. मुलीला बापाच्या बहिणीने पाजले, तर बाप तिचा दूधमामा होतो. मग परकेपणा उरत नाही. किती वेळा पाजावे यात मसलकांप्रमाणे फरक आहे, तो आपल्या आलिमांना विचारावा. पण नणंदेने किंवा बहिणीने ''आण इकडे'' म्हणून ते बाळ छातीशी घेणे, याच्याइतका मोठा आधार समाज दुसरा काय देणार?

आता सरकारी वाट. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, संकेतस्थळावर होते. वाशीमला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात माहिती मिळते. लग्नाला स्थिर अशी दोन वर्षे झालेली हवीत. दोन वर्षांच्या आतले बाळ हवे असेल, तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या पुढे नको. म्हणून चाळिशी उलटेपर्यंत फक्त मन्नतीवर थांबू नका. वाट पाहावी लागते, आणि ती काही वर्षांची असते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन मूल कसे आहे ते पाहते.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. दवाखान्यातून परस्पर बाळ आणून स्टॅम्प पेपरवर लिहून घेणे हे दत्तक नव्हे, गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. नात्यातले मूल घ्यायचे, तरी त्याची वेगळी रीतसर वाट आहे, तिनेच जावे.

ज्यांना एवढे जमणार नाही, त्यांनाही दार आहे. राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेला २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. त्यात संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या गरजू मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मुलाचे नाव, वंश, सगळे कायम. म्हणजे कफालाच्या अगदी जवळची गोष्ट. नानीकडे वाढणाऱ्या यतीम नातवंडांचे अर्ज भरून द्यायचे काम मोहल्ल्यातली पोरे रमजानच्या एका दुपारी करू शकतात.

जवळचेच आणखी एक उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली, अंध, मूकबधिर, मतिमंद अशी १२३ मुले वाढवली आणि बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यातली माला पापळकर, जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली अंध मुलगी, त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. नावाच्या रकान्यात काय लिहावे, यावर आलिमांचे आणि बाबांचे एकमत होणार नाही. पण रकाना कोरा ठेवून शाळेच्या दारातून परत आलेल्या लेकराला कोणी भेटले असेल, तर तो वाद घालताना आवाज जरा खाली येतो.

'कारा'त नोंदणी झाली की समाजसेविका घरी येते. घर पाहते, नवऱ्याशी बोलते, बायकोशी बोलते, सासूलाही विचारते, ''तुम्हाला चालेल ना?'' आजूबाजूचे वातावरण कसे आहे याचाही अंदाज घेते. आपल्या गल्लीत ती येईल त्या दिवशी शेजारच्या खालाने ओट्यावर बसून काय सांगावे, हे खालाला आधीच माहीत असलेले बरे.