शिकत राहणारे शस्त्र

ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःच केलेले निदान छापून येते. नव्या निवासी डॉक्टरांची नजर आधी तिथे जाते, मग आलेखाकडे. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत छातीत दुखते म्हणून आलेल्या एका रुग्णाच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापले होते. निवासी डॉक्टरने तो मला दाखवला, मीही घाईत मान डोलावली आणि सही केली. अर्ध्या तासाने रुग्णाला दरदरून घाम फुटला. दुसरा ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. पहिला कागद पुन्हा पाहिला, तेव्हा बारीक बदल त्यातही होते. रुग्ण वाचला. चूक यंत्राची होती, पण कागदावर सही माझी होती.

यंत्राच्या शब्दावर विसंबण्याच्या या सवयीला संशोधक ‘ऑटोमेशन बायस’ म्हणतात. वॉर्डात दुसरा ईसीजी काढायची सोय असते. रणांगणावर ती नसते.

२३ मार्च २००३ रोजी, इराक युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, ब्रिटिश हवाई दलाचे एक टॉर्नेडो विमान कामगिरी आटोपून कुवेतमधल्या तळाकडे परतत होते. अमेरिकेच्या ‘पेट्रियट’ यंत्रणेने त्याला शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले. दोन्ही वैमानिक मारले गेले. दहाच दिवसांनी, २ एप्रिलला, अमेरिकेचेच एक लढाऊ विमान याच यंत्रणेने पाडले. यंत्रणेपाशी माणसे बसलेली होतीच. पण तिचे काम बहुतांशी स्वयंचलित होते आणि सैनिकांना तिच्यावर विश्वास ठेवण्याचेच शिक्षण मिळाले होते, असे पुढे चौकशीत निघाले.

तरीही पेट्रियट हे शिकणारे यंत्र नव्हते. त्याचे नियम माणसांनी लिहिलेले होते. चूक झाल्यावर कोणता नियम फसला, हे शोधता येत होते. आता लष्करी यंत्रमानवांवरचे संशोधन पुढच्या टप्प्यावर आहे. ‘मशीन लर्निंग’मध्ये नियम कोणी लिहीत नाही. हजारो चित्रे दाखवली जातात, यंत्र आतल्या आकड्यांची जुळवाजुळव करत जाते आणि रणगाडा कोणता, ट्रॅक्टर कोणता, हे ओळखू लागते. काही प्रणाली तर कामावर रुजू झाल्यानंतरही अनुभवाप्रमाणे स्वतःला बदलत राहतील, अशा रचल्या जात आहेत. सैन्याला याचे आकर्षण का, हे कळण्यासारखे आहे. शत्रू डावपेच बदलतो, वेश बदलतो, रेडिओ संदेश तोडतो. संपर्क तुटलेल्या ड्रोनला पुढचे स्वतःच ठरवावे लागते.

अडचण अशी की, यंत्र नेमके काय शिकले, हे बाहेरून दिसत नाही. वैद्यकातला एक धडा इथे आठवतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला धोका जास्त, हे यंत्राला शिकवण्याचा प्रयोग झाला. यंत्राने निष्कर्ष काढला की, दमा असलेल्यांना धोका कमी! माहिती खोटी नव्हती. दम्याच्या रुग्णांना डॉक्टर थेट अतिदक्षता विभागात हलवत, म्हणून ते जास्त वाचत. यंत्राच्या भरवशावर राहिलो असतो, तर त्यांनाच घरी पाठवले असते. ही चूक सापडली ती नियम वाचता येणाऱ्या साध्या प्रणालीत. अधिक अचूक असलेल्या न्यूरल नेटवर्कमध्ये आणखी काय दडले असेल, हे सांगता येईना. म्हणून रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी ते रुग्णांसाठी वापरायचे टाळले.

२०१७ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी प्लॅस्टिकचे एक कासव छापले. त्याच्या पाठीवरची नक्षी अशी बेतली होती की, चित्र ओळखणारी प्रणाली त्याला जवळपास प्रत्येक कोनातून ‘रायफल’ म्हणाली. आपल्या डोळ्यांना ते कासवच होते. ड्रोनच्या तोंडी हा शब्द आला तर?

म्हणूनच वैद्यकाने सावध वाट धरली आहे. अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेली बहुतेक प्रणाली ‘कुलूपबंद’ असतात. रुग्णालयात आल्यावर त्या आपोआप बदलत नाहीत. पुढे बदल करायचे असतील, तर काय बदलणार आणि ते कसे तपासणार, याचा आराखडा कंपनी आधीच मंजूर करून घेऊ शकते. कारण साधे आहे. प्रत्येक रुग्णानंतर गोळीतले औषध बदलू लागले, तर पहिल्या चाचणीचा उपयोग काय?

याची दुसरी बाजूही ऐकायला हवी. जॉर्जिया टेकचे रोनाल्ड आर्किन यांनी अमेरिकी लष्कराच्या निधीतून यंत्रमानवांसाठी नैतिक लगामाची कल्पना मांडली: गोळी सुटण्यापूर्वी युद्धाचे नियम तपासणारा एक वेगळा भाग. यंत्राला भीती नाही, राग नाही, सूड नाही. त्यामुळे ते सैनिकापेक्षा कमी निरपराधांना मारेल, असा त्यांचा युक्तिवाद. पहाटे तीन वाजता थकलेल्या डॉक्टरच्या हातून काय होते, हे मी पाहिले आहे, म्हणून मी तो उडवून लावणार नाही. पण जिनिव्हा करारांनुसार जखमी होऊन लढाईबाहेर पडलेल्यावर हल्ला करता येत नाही. जमिनीवर पडलेला माणूस जखमी आहे, मेला आहे की दबा धरून बसला आहे? आम्हाला नाडीला हात लावून, डोळ्यांत बॅटरी मारून ते ठरवावे लागते. लगाम कितीही चांगला असला, तरी समोरचे ओळखणेच चुकले, तर तो ओढला जाणारच नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे २०१२चे आणि २०२३ मध्ये सुधारलेले धोरण बळाच्या वापरात ‘योग्य प्रमाणात मानवी विवेक’ मागते. योग्य म्हणजे किती? पेट्रियटपाशीही माणूस होता. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांबाबतचा ठराव १५२ मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिले. ही चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रकराराच्या व्यासपीठावरच व्हावी, ही आपली भूमिका. व्यासपीठ कुठलेही असो, दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. शिकून बदललेल्या यंत्राची पुन्हा चाचणी कोण घेणार? आणि त्याच्या निर्णयाखाली सही कोणाची असणार?

आमच्या वॉर्डात त्या रात्रीपासून एक पद्धत आहे. ईसीजीच्या कागदाचा वरचा कोपरा आधी दुमडायचा, आलेख स्वतः वाचायचा, आपले मत लिहायचे आणि मगच तो कोपरा उघडायचा.