साबुदाणा चालेल का? पेट-सीटी स्कॅनला जाण्याआधी

आज थेट एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवर येऊ. टेंभी नाक्यावर देवी बसलीय, घरात घट आहेत, आणि आईचा पेट-सीटी उद्या सकाळी साडेदहाला. सेंटरने सांगितलंय, 'सहा तास उपाशी या.' आई म्हणते, "माझा उपासच आहे की! दोन घास खिचडी खाऊन निघते." चालेल का?

नाही चालणार. उपास वेगळा आणि उपाशी वेगळं. साबुदाणा, बटाटा, केळं, साखरेचा चहा, सगळ्याची शेवटी साखरच होते. आणि हा सगळा स्कॅन साखरेवरच चालतो.

कसं ते सांगतो. हातातल्या शिरेतून एफडीजी नावाचं औषध देतात. ते ग्लुकोजसारखंच असतं, फक्त त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून तिथे औषध साठतं आणि ती जागा चमकते. सीटी त्या चमकीची नेमकी जागा दाखवतो. पोटात खिचडी असेल तर इन्सुलिन वाढतं, औषध स्नायूंमध्ये जातं आणि चित्र बिघडतं. साधं पाणी मात्र भरपूर प्या.

डायबेटिस असेल तर आधीच फोन करून सांगा. साखर साधारण २००च्या आत लागते. गोळ्या-इन्सुलिन मनाने बंद करू नका, विचारा. गरोदरपणाची शंका असेल, बाळ अंगावर पीत असेल, किडनीचा त्रास असेल, तर तेही सांगा. आदल्या दिवशी जिम, धावणं नको. जुने रिपोर्ट सोबत घ्या.

आता वेळ. हे औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. म्हणजे १० वाजताचं ११:५० ला अर्धं, १:४० ला पाव. तुमचा डोस तुमच्या वेळेसाठी आणलेला असतो. नवरात्रात टेंभी नाक्याचा ट्रॅफिक वळवलेला असतो, तेव्हा तासभर आधी निघा.

इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहायचं. बोलणं नको, च्युइंगगम नको, मोबाइल नको. हो, आमचा पॉडकास्टही नंतर ऐका! खोलीत गार असतं. थंडी वाजली तर शरीरातली एक प्रकारची चरबीही चमकते, म्हणून शाल न्या. मग लघवीला जाऊन यायचं, आणि मशीनमध्ये साधारण अर्धा तास.

घरी आल्यावर पाणी भरपूर, आणि त्या दिवशी सेंटर सांगेल तितके तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून जरा लांब. नातवाला उद्या मांडीवर घ्या.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि आपण लगेच गूगल करतो. थांबा. चमकलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. टीबी चमकतो, इन्फेक्शन चमकतं, नुकत्याच ऑपरेशनची जखमही चमकते. उलट काही कॅन्सर फारसे चमकतच नाहीत. म्हणून कधीकधी बायोप्सी लागते. रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आणि आईंना सांगा, खिचडी डब्यात भरून न्या. स्कॅन झाला, सेंटरवाले 'हो' म्हणाले, की निवांत खा. भेटू पुढच्या भागात!