बिल वेळेवर भरूनही 'सिबिल' का घसरतं? क्रेडिट कार्डाची बाकी आणि आपला कर्ज-अहवाल

आपल्या शहापूर-मुरबाड भागात 'कार्ड' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी असतात. भातशेती करणाऱ्या घरात किसान क्रेडिट कार्ड असतं, १९९८ साली सुरू झालेलं, पीक कर्जाचं. त्याच घरातला मुलगा आसनगावहून लोकल पकडून ठाण्या-मुंबईला जातो, नाहीतर मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला असतो. त्याच्या खिशात बँकेचं क्रेडिट कार्ड असतं. आज आपण मुख्यतः या दुसऱ्या कार्डाबद्दल बोलू. कारण आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे: "एकही बिल चुकवलं नाही, तरी घराच्या कर्जाला गेल्यावर स्कोअर कमी कसा?"

आधी अहवाल कोण करतं ते पाहू. पूर्वी वाण्याकडची उधारी वाण्याच्या वहीतच राहायची. आता बँकेची वही चार ठिकाणी जाते: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. या कंपन्या २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतात. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. बँका पूर्वी महिन्याला माहिती पाठवायच्या. १ जानेवारी २०२५ पासून ते पंधरवड्यावर आलं.

आता मुद्दा असा, की अहवालात दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. एक, तुम्ही पैसे वेळेवर भरले का. दोन, मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरली. पहिलीत पैकीच्या पैकी असूनही दुसरी स्कोअर खाली ओढू शकते.

समजा, कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. लग्नसराईत ४५,००० चा खर्च झाला. १८ तारखेला बिल निघालं, पुढच्या ७ तारखेला तुम्ही पूर्ण भरलं. व्याज एक रुपयाही नाही. पण मधल्या काळात बँकेने माहिती पाठवली, तेव्हा बाकी दिसली ४५,००० ची, म्हणजे मर्यादेच्या ९० टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाची ओढाताण चालली आहे. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा, असं जे सांगतात ते याचसाठी. तो कायदा नाही, अंदाजाचा धडा आहे. उपाय साधा आहे: मोठा खर्च झाला की बिल निघायची वाट न बघता आधीच बरीचशी रक्कम भरून टाकायची. बाकी उतरली की पुढच्या अहवालांत ती उतरलेलीच दिसते.

दुसरा सापळा 'किमान देय रकमे'चा. ४०,००० बाकी आहे आणि बँक म्हणते, ५ टक्के म्हणजे २,००० भरा. ते भरलं तर खातं थकीत दिसत नाही, हे खरं. पण महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर १,४०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे २,००० मधले १,६५२ तिथेच गेले. मूळ रक्कम उतरली फक्त ३४८ ने! वर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बाकी महिनोन्‌महिने तशीच राहते आणि अहवालातही तशीच दिसत राहते.

तिसरी गोष्ट कार्ड बंद करण्याची. दोन कार्डं आहेत, मर्यादा ५०,००० आणि ३०,०००. पहिल्यावर बाकी २०,०००. एकूण वापर २५ टक्के. दुसरं 'उगाच कशाला' म्हणून बंद केलं, की तीच बाकी ४० टक्के होते. वार्षिक फी नसेल आणि हात आवरत असेल, तर जुनं कार्ड राहू द्यावं. हात आवरत नसेल तर मात्र बंद केलेलंच बरं. स्कोअरपेक्षा घर मोठं.

मग किसान कार्डाचं काय? तिथे पेरणीला मर्यादा जवळजवळ पूर्ण उचलली जाते, तो त्या कर्जाचा स्वभावच आहे. अहवालात ते शेतीचं कर्ज म्हणून वेगळं नोंदलं जातं. तिथे महत्त्व मुदतीत परतफेडीला. केंद्राच्या योजनेत ७ टक्के व्याजाचं पीक कर्ज वेळेवर फेडलं तर ४ टक्क्यांवर येतं, तेव्हा वेळ पाळण्यात दुहेरी फायदा.

शेवटी, घरी गेल्यावर करायचं काम. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवा. न घेतलेलं कर्ज, फेडलेलं पण उघडं दिसणारं खातं, आपण जामीन राहिलेलं दुसऱ्याचं कर्ज, हे सगळं तपासा. चूक असेल तर कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि 'पैसे द्या, सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कोणी पुसून देऊ शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला फी लागत नाही.

कर्ज काढायचंय म्हणून धावपळ करू नका. अर्जाच्या तीन-चार महिने आधी अहवाल बघा, कार्डावरची बाकी उतरवा, मगच बँकेची पायरी चढा.