फोन आला, सेवेचे काय?

नवी वस्तू उशिरा आली की आपण दुकानदाराला बोल लावतो. परंतु ती आल्यावर उपयोगी पडणार का, हे विचारायचे राहून जाते. 2008 च्या पावसाळ्यात माझा पुतण्या पन्हाळ्याहून दर आठवड्याला कोल्हापूरला खेप घाली. त्याला हवा होता आयफोन! 2007 साली अमेरिकेत निघालेला पहिला आयफोन भारतात रीतसर विकायला आलाच नव्हता. दुसरा, ‘आयफोन थ्री-जी’, अमेरिकेत 11 जुलै 2008 रोजी आला. आपल्याकडे एअरटेल व व्होडाफोनने तो 22 ऑगस्टला आणला. आठ जीबीच्या फोनची किंमत 31 हजार रुपये! अमेरिकेत तोच 199 डॉलरला मिळे, कारण दोन वर्षांचा करार करून कंपनी उरलेली रक्कम मासिक बिलातून वसूल करी. इथे सगळे पैसे आधी मोजायचे.

आणि एवढे करून पदरात काय? ज्या थ्री-जी सेवेचे नाव फोनला दिले होते, ती त्या दिवशी देशात सुरूच नव्हती. खासगी कंपन्यांना तिच्यासाठी रेडिओ लहरी मिळाल्या, त्या 2010 च्या लिलावानंतर.

1660 साली याच गडावरून निसटलेले शिवराय विशाळगडी पोचल्याची तोफ होईपर्यंत बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, असे परंपरा सांगते. कशाची वाट पाहायची, हे त्यांना पक्के ठाऊक होते. फोन खोक्यातून घरी येतो. सेवा मात्र मागून, प्रसंगी भांडून गावापर्यंत आणावी लागते. वाट पाहायचीच, तर तिची पाहावी.