निर्देशिका-सर्व्हरची पूर्वतयारी

दिल्लीत लोदी मार्गावर केंद्र सरकारच्या कार्यालयांचे एक विस्तीर्ण संकुल आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचे मुख्यालय तेथे आहे, आणि देशातील संगणक-सुरक्षेवर लक्ष ठेवणारी ‘सर्ट-इन’ ही संस्थाही तेथेच आहे. राजधानीतील कार्यालयांत बदल्या, बढत्या आणि निवृत्ती यांचा क्रम अखंड चालू असतो. कोण कोणत्या पदावर आहे, त्याचा पत्ता कोणता, कोणती कागदपत्रे पाहण्याचा त्याला अधिकार आहे, ही माहिती पूर्वी आस्थापना शाखेच्या नोंदवहीत असे. संगणकांचे जाळे पसरले तशी ही नोंदवही यंत्रात गेली. तिला निर्देशिका म्हणतात, आणि ती सांभाळणाऱ्या आज्ञावलीला डिरेक्टरी सर्व्हर.

दूरध्वनी-पुस्तिकेप्रमाणे निर्देशिकेत लिहिण्याचे काम थोडे आणि वाचण्याचे फार असते. कर्मचारी संगणकासमोर बसून परवलीचा शब्द देतो, त्या प्रत्येक वेळी ही वही उघडली जाते. ती उघडली नाही तर टपाल, फायली, छपाई हे सारे एकाच वेळी अडून राहते. म्हणून ही आज्ञावली बसवण्यापूर्वी यंत्र आणि त्यावरील कार्यप्रणाली तपासून घेणे अगत्याचे ठरते.

निर्देशिकेची आंतरराष्ट्रीय मानके १९८८ मध्ये ‘एक्स. ५००’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती त्या काळच्या लहान संगणकांना पेलण्याजोगी नव्हती. त्यामुळे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘एलडॅप’ ही हलकी पद्धत तयार झाली व १९९३ मध्ये तिचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. नेटस्केप कंपनीने १९९६ मध्ये आपला डिरेक्टरी सर्व्हर बाजारात आणला. ‘ओपनएलडॅप’ १९९८ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ २००० मध्ये आली. पद्धत एक असली तरी सोलॅरिस, एचपी-यूएक्स, विंडोज आणि लिनक्स या कार्यप्रणालींच्या मागण्या निरनिराळ्या होत्या.

पहिला प्रश्न स्मृतीचा. समजा, एका खात्यात एक लाख नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद सरासरी ५ किलोबाइटची आहे. केवळ नोंदींनाच सुमारे ५०० मेगाबाइट जागा लागेल. नाव, पद, क्रमांक यांवरून त्वरित शोध घेता यावा म्हणून ज्या शोधसूच्या ठेवाव्या लागतात, त्यांची जागा वेगळी. हा सर्व संग्रह स्मृतीत मावला तर उत्तर तात्काळ मिळते. मावला नाही तर प्रत्येक शोधासाठी तबकडीकडे धाव घ्यावी लागते. आज्ञावली चालू होण्यास लागणारी किमान स्मृती आणि ती समाधानकारक चालण्यास लागणारी स्मृती यांतील हा फरक अनेकदा नजरेआड होतो.

दुसरा प्रश्न एकाच वेळी येणाऱ्या माणसांचा. युनिक्स वंशातील कार्यप्रणाली प्रत्येक जोडणीला एक उघडी फाइल समजते, आणि एका प्रक्रियेने किती फाइली उघडाव्यात यावर बंधन घालते. लिनक्सवर हे बंधन सामान्यतः १०२४ असते. चाचणीच्या वेळी दहा माणसे आत येतात व सारे सुरळीत दिसते. सोमवारी सकाळी दीड हजार माणसे एकदम आली की पुढच्यांना दार बंद होते. ही मर्यादा आधीच वाढवून ठेवावी लागते. एचपी-यूएक्सवर त्यासाठी कार्यप्रणालीच्या गाभ्यातील मूल्ये बदलावी लागत, तर सोलॅरिसवर निर्मात्याने दिलेल्या दुरुस्त्या प्रथम बसवून घ्याव्या लागत.

एलडॅपसाठी ३८९ आणि सांकेतिक लिपीतील संभाषणासाठी ६३६ ही द्वारे नेमलेली आहेत. युनिक्सवर १०२४ च्या खालील द्वार उघडण्याचा अधिकार परंपरेने केवळ मुख्य व्यवस्थापकाला असतो. म्हणून आज्ञावली त्याच्या अधिकाराने सुरू करतात व द्वार उघडताच ती एका साध्या खात्याकडे सोपवतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मात्र विंडोजच्या सर्व्हर आवृत्तीवरच चालते. तिला ‘एनटीएफएस’ पद्धतीने आखलेली तबकडी लागते आणि नावांचे पत्ते सांगणारी सेवाही बिनचूक असावी लागते.

तिसरा प्रश्न घड्याळाचा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ओळख पटवण्यासाठी मुदतीच्या चिठ्ठ्या वापरतात; दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले तर सामान्यतः ओळख नाकारली जाते. भारतात येथे एक विशेष चूक संभवते. तंत्रज्ञ काट्यांची वेळ भारतीय लावतो, परंतु कालविभाग ग्रिनिचचाच राहू देतो. पडद्यावर वेळ अचूक दिसते. यंत्राच्या हिशेबी मात्र साडेपाच तासांचा फरक पडतो.

भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम दिल्लीतीलच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या वेळ-सेवेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सेवेशी, जुळवून ठेवावयाची आहेत. यंत्रातील घडामोडींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचेही बंधन आहे. निर्देशिका दररोज २०० मेगाबाइट नोंदी लिहीत असेल, तर तेवढ्यासाठीच ३६ गिगाबाइट जागा राखून ठेवावी लागेल. निर्मात्याच्या यादीत हा आकडा सापडणार नाही. तो संस्थेने स्वतःच मांडावयाचा असतो.

अखेरचा प्रश्न आयुर्मानाचा. नेटस्केपचा सर्व्हर पुढे रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये घेतला, २००५ मध्ये तो मुक्त झाला आणि २००९ मध्ये त्याला त्याच्या द्वाराचा क्रमांक, ‘३८९’, हेच नाव मिळाले. आज्ञावली टिकली, परंतु तिच्या खालची भूमी बदलत राहिली. विंडोज सर्व्हर २००८ चा विस्तारित आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२१ अखेर आणि सातवी जून २०२४ मध्ये थांबली. आधार संपलेल्या कार्यप्रणालीवर निर्देशिका चालू राहते खरी, पण नव्याने उघडकीस आलेल्या उणिवांची दुरुस्ती तिला मिळत नाही. आणि कार्यालयातील प्रत्येकाचा परवलीचा शब्द तर तेथेच ठेवलेला असतो.

म्हणून पूर्वतयारीची यादी आज्ञावली बसवण्याच्या दिवशी एकदा वाचून फाइलबंद करणे पुरेसे नाही. नोंदी वाढल्या, कार्यप्रणाली बदलली किंवा नवे निर्देश आले की स्मृती, जोडण्या, घड्याळ आणि आधाराची मुदत या चारही बाबी पुन्हा पडताळून पाहिल्या पाहिजेत.