बाटिकच्या पैशांवर उभे राहिलेले गाव

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना इंजंबाक्कम लागते. आज तिथे बंगल्यांची आणि हॉटेलांची दाटी आहे. १९६६ साली मात्र ते शहरापासून तुटलेले, वाळूचे आणि सुरूच्या झाडांचे किनारपट्टीवरचे खेडे होते. मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इथे सुमारे दहा एकर जमीन घेतली आणि ‘चोलमंडल’ हे कलाकारांचे गाव वसवले. त्यासाठी ना सरकारी अनुदान घेतले, ना कुणा धनिकाची देणगी. कलाकारांनी ‘आर्टिस्ट्स हँडिक्राफ्ट्स असोसिएशन’ ही संस्था काढली होती. तिच्यामार्फत बाटिकची कापडे आणि इतर हस्तकलेच्या वस्तू विकून हे गाव उभे राहिले. या गावाबद्दल लिहिताना बहुतेक जण हस्तकलेचा उल्लेख पोटापाण्याची सोय म्हणून करतात आणि लगेच चित्रांकडे वळतात. मला हे साफ चुकीचे वाटते. या वस्तूंनी चूल पेटवली हे खरेच, पण मद्रासच्या आधुनिक कलेला, विशेषतः शिल्पाला, जो स्वतंत्र चेहरा मिळाला तोही हातकामाच्या याच सवयीतून.

पोटाचा प्रश्न आधी घेऊ. मुंबईत १९४७ साली आधुनिक कलाकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा राहिला तेव्हा त्याला श्लेसिंगर, लायडन यांच्यासारखे जाणकार पाठीराखे लाभले. मद्रासमध्ये नृत्य-संगीताला उदंड रसिक होते, आधुनिक चित्राला गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते. कलाशाळेतून बाहेर पडलेला तरुण एकतर जाहिरातीत किंवा कारकुनीत अडकायचा, नाहीतर शहर सोडायचा. पणिक्करांचा तोडगा सरळ होता: दिवसाचे काही तास विकली जाईल अशी वस्तू करायची आणि उरलेला वेळ कुणाच्याही पसंतीची पर्वा न करता चित्र काढायचे.

हे तास वाया जात होते का? बाटिकचे काम पाहा. सुती कापडावर वितळलेल्या मेणाने आकार झाकायचे, कापड रंगात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा मेण, पुन्हा पुढचा गडद रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे. मेण गरम असेतोवरच रेघ ओढता येते आणि चुकलेली रेघ खोडता येत नाही. जिथे मेणाला तडा जातो तिथे रंग शिरतो आणि बारीक शिरांचे जाळे उमटते. असे काम रोज करणाऱ्याचा हात रेषेबाबत निर्धास्त होतो. मद्रासच्या चित्रांत रेषेला इतके वजन आहे, त्यामागे असा सराव नसेलच असे मला म्हणवत नाही.

धातूच्या बाबतीत तर पुरावा डोळ्यांसमोर आहे. पी. व्ही. जानकीराम यांनी तांब्याचा पत्रा ठोकून, त्यावर तारा आणि मणी झाळून शिल्पे घडवली. देवळातल्या पाषाणमूर्तीवर चढवतात त्या धातूच्या कवचाशी त्यांचे नाते उघड आहे. पणिक्करांचे चिरंजीव एस. नंदगोपाल यांनी चोलमंडलमध्ये हीच वाट पुढे नेली. ही शिल्पे समोरूनच पाहायची असतात. युरोपीय पद्धतीने चहूबाजूंनी फिरून पाहायच्या पुतळ्याचे वळण त्यांनी सोडून दिले. पत्र्याशी रोजची झटापट नसती तर हे सुचलेच नसते. १८५० साली अलेक्झांडर हंटर यांनी ही कलाशाळा काढली तेव्हापासून तिथे कारागिरी शिकवली जात होतीच. वसाहतकाळात तिच्याकडे दुय्यम शिक्षण म्हणून पाहिले गेले. पणिक्करांच्या पिढीने तिलाच पाया केले.

बाटिक मुळात जावाचे, मग यात देशी ते काय, असे कुणी विचारेल. तंत्र कुठलेही असो, ते इथल्या हाताने इथल्या आकारांसाठी वापरले. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: शिकलेल्या कलाकारांनी परंपरागत कारागिराचा बाजार घेतला. बाटिकपुरते तरी हे लागू पडत नाही, कारण मद्रासमध्ये त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारी जमात नव्हती. पण धातूबाबत आक्षेपात तथ्य आहे. देवळासाठी कवच ठोकणाऱ्याचे नाव कुणी विचारले नाही, आणि त्याच तंत्राने घडलेल्या शिल्पाखाली कलाकाराची सही आली. चोलमंडलचे मोठेपण मान्य करूनही हे अंतर मिटत नाही.

पुढे चित्रांना भाव आला तशी हस्तकला मागे पडली, म्हणजे ती कुबडीच होती, असाही युक्तिवाद होतो. गरज संपल्यावर विक्री थांबते, हाताला लागलेले वळण जात नाही. २००९ साली गावात समकालीन कलेचे केंद्र उघडले. तिथे मद्रासच्या या आधुनिक कलाचळवळीची चित्रे-शिल्पे नीट मांडलेली आहेत. त्या जमिनीची किंमत ज्या कापडांनी चुकवली, ती मात्र वापरून विरून गेली असणार. घराघरांत उरलेले तुकडे गोळा करून, करणाऱ्याच्या नावासह, त्याच दालनांत लावायला हवेत.