विधिसंघर्षग्रस्त बालकाचे पोलीस चौकशीतील हक्क

अपराधाचा संशय किंवा आरोप असलेल्या, अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस पोलिसांनी ताब्यात घेतल्यापासून पुढील तपासाच्या काळात कायद्याने दिलेली संरक्षणे. भारतीय विधीमध्ये अशा व्यक्तीस ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. आरोपी, गुन्हेगार, अटक यांसारखे कलंकदर्शक शब्द तिच्या बाबतीत वापरू नयेत, असे कायद्याचेच धोरण आहे. अपराध ज्या दिवशी घडला त्या दिवशीचे वय येथे विचारात घेतात. चौकशीच्या किंवा निकालाच्या दिवसाचे नव्हे.

प्रौढ संशयिताचे मौनाचा हक्क, वकिलाचा सल्ला, अटकेची कारणे समजणे इ. हक्क बालकासही आहेतच. परंतु हे हक्क बहुधा मागणाऱ्याच्या उपयोगी पडतात. पोलीस ठाण्यात बसविलेले चौदा-पंधरा वर्षांचे मूल ते मागत नाही. ‘खरे सांग, मग घरी जा’ या एका वाक्यावर ते विसंबते आणि समोरच्या वडीलधाऱ्या माणसाला जे उत्तर हवे असेल ते देऊन मोकळे होऊ पाहते. एका कबुलीजबाबाचे वर्षानुवर्षे भोगावे लागणारे परिणाम त्याला त्या क्षणी दिसत नाहीत. म्हणून केवळ हक्क सांगून न थांबता बालकाशेजारी एखादी विश्वासाची प्रौढ व्यक्ती असणे आणि त्याच्याकडून काढलेल्या कबुलीचे मूल्यच कमी करणे, अशा दोन मार्गांनी आधुनिक विधी त्याचे रक्षण करू पाहतो. अपराध जितका गंभीर, तितकी उकल करण्याची घाई व लोकक्षोभाचा दाब अधिक असतो. म्हणून या संरक्षणांची खरी कसोटी गंभीर अपराधांतच लागते.

इंग्लंड व अमेरिका : लंडनमधील १९७२ च्या कॉन्फेट खून खटल्यात अनुक्रमे अठरा, पंधरा व चौदा वर्षांच्या तीन मुलांनी पोलिसांपुढे कबुली दिली. त्यांपैकी थोरल्याची मानसिक वाढ वयाच्या मानाने फार कमी होती. मुलांच्या चौकशीच्या वेळी त्यांचे आईवडील जवळ नव्हते. शिक्षा झाल्यानंतर तीन वर्षे उलटण्यापूर्वीच, १९७५ मध्ये, अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. या प्रकरणाच्या चौकशीचा फिशर अहवाल १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे रॉयल आयोगाच्या शिफारशींनंतर पोलीस व फौजदारी पुरावा अधिनियम, १९८४ संमत झाला. या अधिनियमाखालील संहितेनुसार बालकाची चौकशी पालक, समाजकार्यकर्ता वा तत्सम ‘योग्य प्रौढ व्यक्ती’च्या उपस्थितीत करावी लागते. या व्यक्तीने केवळ साक्षीदार म्हणून बसून न राहता बालकास सल्ला देणे, चौकशी न्याय्य रीतीने चालते की नाही हे पाहणे व संवादास मदत करणे अपेक्षित असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४८ मध्ये हॅली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांच्या मुलाचा कबुलीजबाब अग्राह्य ठरविला. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत पोलिसांनी आळीपाळीने, वकील वा नातलग जवळ नसताना, त्याला प्रश्न विचारले होते. १९६६ च्या मिरांडा निर्णयाने चौकशीपूर्वी हक्कांची समज देणे आवश्यक केले. १९६७ च्या गॉल्ट निर्णयाने बाल न्यायालयातील मुलांनाही वकिलाचा व स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क मान्य केला. तथापि समज दिली म्हणजे ती समजली असे होत नाही. टॉमस ग्रिसो या मानसशास्त्रज्ञाच्या १९८० मधील संशोधनात पंधरा वर्षांच्या आतील बहुतेक मुलांना या हक्कांचा अर्थ पुरेसा कळत नसल्याचे दिसून आले. त्याआधी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सोळा वर्षांच्या मुलाने वकिलाऐवजी आपल्या परिवीक्षा अधिकाऱ्याची मागणी केली असता ती हक्काची मागणी ठरत नाही, असा निर्णय दिला. अमेरिकी पद्धतीत बालक आपला हक्क सोडून देऊ शकते, हा तिचा दुबळा दुवा होय. न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्क प्रकरणात (१९८९) चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांनी दिलेल्या कबुल्यांवरून त्यांना शिक्षा झाल्या; खरा अपराधी निष्पन्न झाल्यावर २००२ मध्ये त्या दोषसिद्धी रद्द करण्यात आल्या. चौकशीत बालकाशी खोटे बोलून कबुली मिळविण्यास इलिनॉय व ऑरेगन या राज्यांनी २०२१ मध्ये कायद्याने प्रतिबंध केला.

आंतरराष्ट्रीय मानदंड : संयुक्त राष्ट्रांच्या बालन्यायविषयक किमान मानक नियमांत (बीजिंग नियम, १९८५) मूल ताब्यात घेताच पालकांना कळविण्याची तरतूद आहे. बालहक्कांच्या संहितेचा (१९८९) अनुच्छेद ४० बालकाची निर्दोषता गृहीत धरतो आणि त्याच्यावर साक्ष देण्याची वा अपराध कबूल करण्याची सक्ती करण्यास मनाई करतो. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली.

भारतातील विकास : भारतीय दंड संहितेने (१८६०) सात वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध मानले नाही व सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत समजशक्तीचा विचार करावयास सांगितले, हीच तरतूद भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्ये कायम आहे. मुलांसाठी स्वतंत्र कायदे मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी केले. देशव्यापी बाल न्याय अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला. त्यात मुलग्यांची वयोमर्यादा सोळा व मुलींची अठरा होती. २००० च्या अधिनियमाने ती दोघांसाठी अठरा केली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर कायदा कठोर करण्याची मागणी झाली आणि बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला.

ताब्यात घेण्याच्या वेळचे हक्क : प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी, आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे, असे अधिनियम सांगतो. बालकास ताब्यात घेताच या अधिकाऱ्याच्या वा पथकाच्या स्वाधीन करावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. कोणत्याही परिस्थितीत त्यास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पालकांना व परिवीक्षा अधिकाऱ्यास तत्काळ कळविणे बंधनकारक आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, प्रौढांसह केलेला किंवा निर्घृण अपराध वगळता, बालकाविरुद्ध प्रथम खबर नोंदविली जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवितात. पोलीस कोठडीची मनाई मात्र निर्घृण अपराधासही लागू आहे. मंडळांनी याबाबत मूक प्रेक्षक राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बजावले.

वयाचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. सतरा वर्षांच्या मुलाची नोंद एकोणीस वर्षांचा म्हणून झाली, तर वरील सर्व संरक्षणे एका अंकासरशी नाहीशी होतात. म्हणून शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा जन्मतारखेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा दाखला आणि दोन्ही नसल्यासच वैद्यकीय तपासणी, असा पुराव्याचा क्रम कायद्याने ठरवून दिला आहे. बालक असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, खटल्याच्या अखेरच्या निकालानंतरही, करता येतो.

प्रत्यक्ष विचारपूस : आदर्श नियमांच्या आठव्या नियमात पोलिसांवर पुढील बंधने घातली आहेत. बालकास बेड्या किंवा साखळी घालू नये. बळाचा वापर करू नये. आरोप काय आहे हे त्यास पालकांमार्फत कळवावे. आवश्यक तेथे वैद्यकीय मदत व दुभाषी पुरवावा. कबुलीसाठी सक्ती करू नये. विचारपूस विशेष पथकाच्या कार्यालयात किंवा पोलीस ठाण्याचा भास होणार नाही अशा बालस्नेही जागेतच करावी. त्या वेळी पालक उपस्थित राहू शकतात. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने गणवेषाऐवजी साध्या पोशाखात असावे. बालकाची कोणत्याही जबाबावर सही घेऊ नये. मोफत विधिसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे.

संविधानाच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, आणि हे संरक्षण पोलीस चौकशीपर्यंत पोहोचते, असे सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८) स्पष्ट केले. अनुच्छेद २२ वकिलाच्या सल्ल्याचा हक्क देतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ नुसार अटकेतील व्यक्तीस चौकशीदरम्यान आपल्या वकिलास भेटता येते. मात्र संपूर्ण चौकशीभर वकील हजर राहू शकत नाही.

भारतीय कायद्याचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. बालकाचा कोणताही हक्क त्यागता येत नाही, हे २०१५ च्या अधिनियमातील मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे. बालकाने वा त्याच्या वतीने कोणी हक्क सोडला, किंवा तो बजावला नाही, तरी त्याचा त्याग झाला असे मानता येत नाही. ‘मुलाने वकील मागितला नाही’ हे उत्तर त्यामुळे भारतात पुरेसे होत नाही.

कबुलीचे पुराव्यातील स्थान : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा अधिनियमातील नियम भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये कायम आहे. त्यास एक अपवाद आहे : ताब्यातील व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू वा वस्तुस्थिती उघड झाली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला भाग पुराव्यात घेता येतो. शस्त्र किंवा चोरीचा माल ‘काढून दिल्या’चे पंचनामे याच अपवादाखाली होतात. या कलमात बालकासाठी वेगळी तरतूद नाही. परिणामी, कबुलीसाठी सक्ती करू नये असे बाल न्याय नियम सांगत असले, तरी वस्तू हस्तगत करण्यासाठी बालकाकडून माहिती काढण्याचे आकर्षण तपासात शिल्लक राहते. अशा वेळी बालकास केव्हा ताब्यात घेतले, जवळ कोण होते, पालकांना किती वाजता कळविले, या नोंदींना मोठे महत्त्व येते.

निर्घृण अपराध व प्राथमिक निर्धारण : किमान सात वर्षे वा अधिक कारावासाच्या शिक्षेस पात्र असलेल्या अपराधास निर्घृण अपराध म्हणतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या बालकावर असा आरोप असल्यास मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि अपराध ज्या परिस्थितीत घडल्याचे म्हटले आहे ती परिस्थिती यांचे प्राथमिक निर्धारण करते. त्यानंतर मंडळ त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालविण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. हे निर्धारण म्हणजे खटला नव्हे, असे कायदा म्हणतो. परंतु ‘परिस्थिती’विषयी बालकाशी बोलताना, अपराध त्यानेच केला हे गृहीत धरले जाण्याचा धोका असतो. निर्दोषतेचे गृहीतक व मौनाचा हक्क यांचा या टप्प्यावर विसर पडला, तर पोलिसांपुढे जे वदवून घेता येत नाही ते मानसतज्ञापुढे वदवून घेतल्यासारखे होईल. हे काम नाजूक असल्याने मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसल्यास तज्ञाची मदत घेणे अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. प्रौढाप्रमाणे खटला चालला तरी बालकास मृत्युदंड किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

जामीन व गोपनीयता : अपराध अजामीनपात्र असला तरी बालकास सामान्यतः जामिनावर सोडावे लागते, सुटकेमुळे ते अपराध्यांच्या संगतीत जाईल, त्यास नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोहोचेल किंवा न्यायाचे उद्दिष्ट विफल होईल असे वाटले, तरच मंडळ जामीन नाकारू शकते. पुण्यातील मे २०२४ च्या मोटार अपघात प्रकरणात, दोघांच्या मृत्यूने लोकक्षोभ उसळला असताना, जामिनानंतर बालकास पुन्हा निरीक्षणगृहात ठेवण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये बेकायदेशीर ठरविले. बालकाची ओळख पटेल असा मजकूर वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कलम ७४ अन्वये मनाई आहे.

मूल्यमापन : संरक्षणांच्या शब्दरचनेत भारतीय कायदा अनेक देशांच्या पुढे आहे. त्याची उणीव अंमलबजावणीत आहे. बहुसंख्य ठाण्यांत बाल कल्याण अधिकाऱ्यावर हे काम इतर कामांबरोबर येते. पालकांच्या उपस्थितीची मुभा आहे, पण तिची सक्ती नाही. आणि बालकास ‘नुसते विचारण्यासाठी’ आणले असे म्हटल्यास चोवीस तासांची मोजणी नेमकी कोठून सुरू होते, हा प्रश्न उरतोच. नोंद होण्यापूर्वीचे हे काही तासच बालकाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. या संरक्षणांमुळे अपराध्यास मोकळीक मिळते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कॉन्फेट व सेंट्रल पार्क या दोन्ही प्रकरणांत, भेदरलेल्या मुलांच्या कबुलीवर तपास थांबल्यामुळे निरपराध मुले तुरुंगात गेली आणि खरा अपराधी तेवढा काळ शिक्षेविना राहिला. बालकाच्या हक्कांचे पालन हे म्हणूनच अपराधाला बळी पडलेल्यांच्या न्यायाच्या विरोधी नसून त्या न्यायाची पूर्वअट होय.